थेम्सकाठची मतदारयादी

विलायतेहून येताना लोक चॉकलेटं आणतात, अत्तराच्या बाटल्या आणतात. मी राग घेऊन आलो. विमानतळावर कोणी तो उघडून पाहिला नाही, त्यामुळे जसाच्या तसा घरी पोचला आणि अजून उतरलेला नाही. स्टाफरूममध्ये सगळ्यांनी राजवाड्याबद्दल विचारलं, राणीबद्दल विचारलं, त्या मोठ्या पाळण्याबद्दल विचारलं. मी यातलं काहीही धड पाहिलेलं नाही. मी पाहिला एक बसका, विटांचा, सपाट छपराचा हॉल. त्याचीच ही हकीकत.

आधी माणसं सांगतो. मी पुण्यात शाळामास्तर, वय त्रेपन्न, गणित आणि नाइलाज म्हणून भूगोल. माझा धाकटा भाऊ श्रीकांत सॉफ्टवेअरमध्ये, लंडनजवळ, मेडनहेडच्या पुढे थेम्सकाठच्या एका छोट्या गावात राहतो. गाव म्हणजे स्टेशन, एक लांब रस्ता, दोन सुपरमार्केटं आणि संध्याकाळी सहानंतर शुकशुकाट. त्याची बायको मंजिरी, नऊ वर्षांची मुलगी रिया, आणि दोन हजार सहाच्या ऑगस्टपासून आमची आई. वडील गेल्यावर आई माझ्याकडेच होती. श्रीकांत म्हणाला, "दादा, तू खूप केलंस, आता मी करतो." क्रॉयडनच्या की कुठल्या होम ऑफिसात, म्हणजे तिथल्या गृहखात्यात, चार खेपा घालून त्याने तिला कायमचं राहण्याची परवानगी मिळवली. मी आईला विमानात बसवलं आणि घरी येऊन मोकळ्या खोलीत इस्त्रीचं टेबल टाकलं. हे आधीच कबूल केलेलं बरं.

दोन हजार सात साल. एप्रिलअखेर मी पोचलो. बायकोच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून एकटाच.

सोमवार: हॉल

"आईला तिथे कंटाळा येत असेल ना," असं मी नऊ महिने फोनवर विचारत होतो. आईला अजिबात कंटाळा येत नव्हता. सोमवार, मंगळवार आणि गुरुवार या तीन दिवशी सकाळी दहाला कौन्सिलची, म्हणजे तिथल्या नगरपालिकेची, पांढरी मिनीबस दाराशी येई, ड्रायव्हर "मॉर्निंग, आजी!" म्हणे (हे रियाने त्याला शिकवलेलं) आणि आई शाल गुंडाळून, डबा घेऊन, मागे वळूनही न बघता बसमध्ये चढे.

पहिल्या सोमवारी मी तिच्याबरोबर गेलो. हॉलमध्ये वीस-बावीस म्हातारी मंडळी. आईची खुर्ची ठरलेली, खिडकीजवळ. डावीकडे मॉरीन नावाची आयरिश बाई, उजवीकडे लुधियानाच्या बीजी. तिघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि तिघी सतत बोलत होत्या. मॉरीन आपल्या सुनेबद्दल इंग्रजीत, बीजी आपल्या सुनेबद्दल पंजाबीत आणि आई... मंजिरी हे वाचणार आहे, तेव्हा एवढंच म्हणतो की आईही मराठीत बोलत होती.

दुपारी हॉलचं जेवण आलं. उकडलेले बटाटे, उकडलेलं गाजर आणि हिरव्यागार वाटाण्याचा लगदा. आपल्याकडे उसळ इतकी बिघडली तर सासू आठवडाभर बोलते. मॉरीनने ते सगळं बाजूला सारून आईच्या डब्यातलं थालीपीठ उचललं आणि "लव्हली, लव्हली" म्हणत खाल्लं. मग आकड्यांचा खेळ सुरू झाला, आपल्या हाउजीसारखा. आईला इंग्रजी येत नाही, पण एक ते नव्वद आकडे आणि त्यांची टोपणनावं तोंडपाठ होती. हॉलमधल्या बाई पुकारत, "ट्वेंटी-टू!" आणि सगळा हॉल एका सुरात, आईसकट, "टू लिटल डक्स!" (इंग्रजी दोनचा आकडा बदकासारखा दिसतो म्हणून.)

आमच्या शाळेच्या वर्गातही इतका जिवंत आवाज नसतो.

हॉल बंद होणार हे मला तिथेच कळलं. भिंतीवर कागद होता. कौन्सिलवर जो पक्ष होता, निळा, त्याने ठरवलं होतं की हॉल विकायचा, मिनीबस बंद करायची आणि कर वाढू द्यायचा नाही. गुरुवारी कौन्सिलची निवडणूक होती. या वॉर्डातून उभी असलेली पिवळ्या पक्षाची एक बाई हॉल वाचवायचा म्हणत होती. आईला हे सगळं माहीत होतं. कसं, ते विचारू नका. "ती पिवळी बाई चांगली आहे. इथे येऊन जेवून गेली. वाटाणेसुद्धा संपवले तिने," आई म्हणाली. "मी तिला मत देणार आहे."

मी हसलो. आईने माझ्याकडे असं पाहिलं की हसू तोंडातच राहिलं.

मंगळवार: रंग

इथे पक्ष ओळखायला भाषण ऐकावं लागत नाही, कुंपण पाहावं लागतं. ज्या घराला उंच हिरवं कुंपण आणि खडीचा रस्ता, तिथे खिडकीत निळा कागद. गाळ्यांसारखी चिकटून उभी असलेली विटांची घरं, तिथे कुठे कुठे लाल. मधल्या घरांच्या अंगणात पिवळ्या पाट्या खांबावर ठोकलेल्या, घर विकायला काढल्यासारख्या. आणि बहुतेक घरांवर काहीच नाही. लाउडस्पीकर नाही, रिक्षा नाही, हार नाही, भिंतीवर एक चुन्याचा ठिपका नाही. मी श्रीकांतच्या शेजाऱ्याला, निवृत्त प्लंबरला, विचारलं, "गुरुवारी जाणार ना मत द्यायला?" तो म्हणाला, "कशाला? सगळे सारखेच." आणि गुलाबाला पाणी घालत राहिला. हे वाक्य मी सात समुद्र ओलांडून ऐकायला आलो होतो! ते आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी फुकट ऐकवतो.

संध्याकाळी श्रीकांतकडे चार मराठी कुटुंबं जेवायला. मंजिरीने पावभाजी केली होती. पावभाजीबरोबर राजकारण निघालं, म्हणजे महाराष्ट्राचं. कुठली युती तुटेल, कोण मुख्यमंत्री व्हायला हवा होता, पुण्याच्या महापालिकेत कोणी काय खाल्लं. टेबलावर मुठी आपटल्या. मुंबईचा एक बँकवाला तर उभा राहून बोलत होता. मी विचारलं, "आणि परवा इथे कोणाला देताय?"

कोणी पाव मागितला. कोणी लोणी पुढे सरकवलं.

"दादा, आम्ही अजून इथले नागरिक नाही," श्रीकांत समजुतीच्या सुरात म्हणाला. "नागरिक नसताना मतदान म्हणजे... होम ऑफिसला कळलं तर?"

"कळू दे की!" हा आवाज सोफ्याच्या टोकाकडून आला. मेश्रामबाई. नागपूरच्या, इथे हॉस्पिटलात फार्मासिस्ट. रियाची आणि त्यांची मुलगी एका वर्गात. बाई तोवर नुसत्या पाव खात होत्या. "कॉमनवेल्थमधला माणूस इथे कायदेशीर राहत असला की त्याला मत आहे. इथला नागरिक नसला तरी आहे. किती वेळा सांगू? डिसेंबरात मी फॉर्म घेऊन याच दारात आले होते. काय म्हणाले होते तुम्ही, श्रीकांत?"

श्रीकांत पावभाजीत लिंबू पिळायला लागला.

"मी सांगते. 'आम्ही पॉलिटिक्समध्ये नाही,' म्हणाले. आता अर्धा तास झाला ऐकतेय, पॉलिटिक्सशिवाय दुसरं काही नाही इथं!"

बँकवाला म्हणाला, "पण ताई, आपल्या चार मतांनी काय होतंय?"

"काहून नाही होणार? आमच्या आज्याला चावडीवर बसू देत नव्हते. त्यानं पहिलं मत दिलं तेव्हा अंघोळ करून, नवं धोतर नेसून गेला होता. गावच्या पाटलाचं एक, त्याचंही एकच. ज्यांना कायम मिळत आलं त्यांनाच ते स्वस्त वाटते." मग त्या एकदम हसल्या. "आणि इथं गंमत बघा. आमचा निळा झेंडा घेऊन जन्म गेला, आणि इथला निळा तर आजींची बस काढून घेतोय!"

कोणी हसलं, कोणी घड्याळ पाहिलं. मी पहिल्यांदा रागावलो तो तेव्हा. श्रीकांतवर. तरी मला पूर्ण गोष्ट कळली नव्हती.

गुरुवार: मतदान

मत देण्याची जागा तोच हॉल होता. म्हणजे त्या दिवशी मिनीबस नाही, वाटाणे नाहीत, मॉरीन नाही. आईने सकाळी केस धुतले. मोतिया रंगाची इरकल नेसली, जी ती लग्नकार्यालाच नेसते. श्रीकांत आणि मंजिरी सातलाच कामाला गेले होते. त्यांनी स्वतःची नावं घातली नसली तरी आईचं घातलं असेल, असं मी धरून चाललो होतो. दारातल्या टेबलावर मतदानाचं कार्ड असेल म्हणून मी शोधलं, सापडलं नाही. मला वाटलं, कुठेतरी ठेवलं असेल. निवडणुकीची ड्यूटी मी अकरा वेळा केलीय. कार्ड नसलं तरी यादीत नाव असलं की पुरतं, एवढं मला कळतं.

अकरा वेळा! हा आकडा मी तोवर अभिमानाने सांगत असे.

हॉलच्या दारात एक लालबुंद गालांचा म्हातारा, छातीवर निळ्या फितीचं मोठं फूल लावून खुर्ची टाकून बसला होता. आम्हाला पाहून म्हणाला, "गुड मॉर्निंग, तुमचा यादीतला नंबर सांगाल का?" झालं. माझ्या अंगात केंद्राध्यक्ष संचारला. पक्षाचं चिन्ह लावून, मतदान केंद्राच्या दारात, मतदाराला अडवतोय! माझ्या इंग्रजीला रागात व्याकरण राहत नाही. मी म्हणालो, "यू! गेट अप! धिस इज नॉट अलाउड! आय विल कॉल पोलीस!"

म्हाताऱ्याने खिशातून पेपरमिंटची गोळी काढून माझ्यापुढे धरली.

तिथे हे चालतं म्हणे. आपले कोण मत देऊन गेले हे पक्षाला कळावं म्हणून फितीवाला नुसते नंबर टिपतो, मत मागत नाही, सांगावं न सांगावं तुमची मर्जी. आतल्या बाईने हे मला हळू आवाजात समजावलं. आईने गोळी घेतली आणि पर्समध्ये टाकली. "कशाला ओरडलास? गरीब दिसतोय," ती म्हणाली.

आत काय पाहिलं सांगू? दोन टेबलं, दोन बायका. एक वीणकाम करत होती. शाई नाही. पोलीस नाही. रांग नाही. ओळखपत्र कोणी मागत नाही. पत्र्याची काळी पेटी आणि लाकडी आडोशात दोरीने बांधलेली शिसपेन्सिल. शिसपेन्सिल! आमच्याकडे पेन्सिलीने मत घेतलं असतं तर दुपारपर्यंत दंगल झाली असती. आम्ही उभे होतो तेवढ्या वेळात एक माणूस कुत्र्यासह आला, मत दिलं, कुत्र्याला बिस्किट दिलं आणि गेला. सकाळपासून किती आले, मी विचारलं. वीणकामवाली म्हणाली, "तुम्ही आल्यावर गर्दी झाल्यासारखं वाटतंय."

आमच्याकडे मतदानाच्या दिवशी लोक उन्हात उभे राहतात, भांडतात, घेरी येऊन पडतात आणि उठून परत रांगेत लागतात. इथे सगळं इतकं सोपं, इतकं सभ्य, आणि हॉल रिकामा. माझं डोकं तापत होतं.

"पत्ता, डिअर?" बाईने आईला विचारलं.

आई ताठ उभी राहिली. "ट्वेंटी-टू," ती म्हणाली. आणि सवयीने, "टू लिटल डक्स."

दोघी बाया खळखळून हसल्या. मग बाईने पट्टी धरून यादीत बोट खाली नेलं. वर आणलं. पान उलटलं. परत खाली नेलं. मी ते बोट ओळखतो. अकरा वेळा मी तेच बोट फिरवलंय.

"सॉरी, माय लव्ह. बावीस नंबरला कोणाचंच नाव नाही."

आईला भाषांतर लागलं नाही. तिने आपल्या खुर्चीजवळच्या खिडकीकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं. "पुन्हा बघायला सांग. नीट बघायला सांग," ती मला म्हणाली. मी सांगितलं. बाईने पुन्हा पाहिलं, आस्थेने पाहिलं. मग म्हणाली की शरदात घरोघरी कौन्सिलचा फॉर्म जातो, घरातल्या एकाने सगळ्यांची नावं भरून पाठवायची असतात. तो राहिला असेल. आता या निवडणुकीला उशीर झाला.

आम्ही चालत परत निघालो. घर दहा मिनिटांवर आहे. इरकलीचे काठ तिने दोन्ही हातांनी उचलून धरले होते, रस्ता कोरडा असूनही.

गुरुवार: संध्याकाळ

श्रीकांत सहाला आला. त्याने बूट काढायच्या आत मी सुरू केलं. काय बोललो ते सगळं लिहिण्याजोगं नाही. फॉर्म आला होता का? आला होता. मग? "मी 'या पत्त्यावर पात्र कोणी नाही' अशी खूण करून पाठवून दिला. आमची सिटिझनशिपची फाइल जाणार होती, दादा, मला कशातच अडकायचं नव्हतं."

"आणि आईचं?"

"आईला कशाला? तिला इंग्रजी येत नाही. कोणाला द्यायचं, काय, कसं कळणार?"

"तुला कळतं ना? तू दिलंस? आईला एवढं तरी कळलं की हॉल कोण विकतंय! तुला तेही माहीत नाही. तीन दिवस ती कुठे जाते, काय खाते, कोणाशी बोलते, काही माहीत आहे? नऊ महिने माणूस तुझ्या घरात राहतंय आणि तू कागदावर लिहून देतोस, इथे कोणी नाही!"

मंजिरी मध्ये पडली, "दादा, जरा हळू. रिया आहे."

रिया जिन्यावर बसून ऐकत होती. "बाबा, आजीचा व्होट तू टाकून दिला?" तिने विचारलं. श्रीकांत लाल झाला. खरं सांगतो, मला बरं वाटलं. मोठ्या भावाला असा प्रसंग जन्मात दोन-तीनदाच मिळतो. मी न्यायाधीशासारखा हात मागे बांधून उभा होतो.

आई खुर्चीवर बसली होती. साडी बदलली नव्हती. ती म्हणाली, "पुरे. इथलं गेलं तर गेलं. माझं तिकडे आहे ना? पुढच्या वेळी मला पुण्याला न्या. मी तिकडे देईन."

आणि मी मागे बांधलेले हात सोडले.

कारण त्या हिवाळ्यात पुण्यात आमच्या वॉर्डाच्या याद्या दुरुस्त करण्याचं काम शाळांकडे आलं होतं. आमची गल्ली माझ्याच वाट्याला. मी दारोदार फिरलो. कोण मेलं, कोण सासरी गेली, कोण भाडेकरू सोडून गेला, सगळं चोख टिपलं. शेवटी माझ्याच घरावर आलो. आईचं नाव. नियम म्हणतो, माणूस तिथे राहत नसेल तर नाव काढायचं. मी नियमाचा माणूस. दुसऱ्या कोणाला मी आठ दिवस दिले असते, विचारून घ्या म्हटलं असतं. आईला फोन करून विचारावंसंही मला वाटलं नाही. मी लाल पेनने आडवी रेघ ओढली आणि शेरा लिहिला, 'कायमचे स्थलांतर'. अक्षर चांगलं आलं म्हणून मला समाधानही वाटलं होतं.

"दादा?" श्रीकांत म्हणाला.

मी सांगितलं. यापेक्षा त्या पेपरमिंटवाल्या म्हाताऱ्यासमोरची फजिती परवडली. श्रीकांतने खाली वाकून बूट काढले. बोलू शकला असता, मी बोलण्यासारखं पुष्कळ ठेवलं होतं.

आई दोघांकडे आळीपाळीने बघत होती. "म्हणजे इथे याने नाही म्हणून लिहिलं," ती सावकाश म्हणाली, "आणि तिथे तू खोडलंस." मग उठली आणि साडी बदलायला आत गेली. दार लावलं, आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

शुक्रवार, शनिवार

निकाल शुक्रवारी दुपारी लागला. पिवळी बाई पडली. इतक्या थोडक्यात पडली की मंगळवारच्या पावभाजीचं टेबल उठून मत द्यायला गेलं असतं तर पुष्कळसं अंतर भरून निघालं असतं. सगळं नव्हे, पण शेजारचा प्लंबर आला असता तर तेही. हे मी परत आल्यावर लिहितोय म्हणून पुढचंही सांगून टाकतो. हॉल सप्टेंबरअखेर विकला गेला. मिनीबस येत नाही. मॉरीन मुलाकडे दुसऱ्या गावी गेली. आई आता श्रीकांतच्या दिवाणखान्यात बसते.

शनिवारी सकाळी मेश्रामबाई आल्या, हातात पिशवी, पिशवीत फॉर्म. निवडणूक संपली तरी नाव केव्हाही घालता येतं, त्या म्हणाल्या, पुढच्या वेळेला तरी राहील. त्या कोणाला टोमणा मारायला आल्या नव्हत्या, आणि तेच जास्त लागलं. श्रीकांतने घाईघाईने पेन काढलं. "आण, मी भरतो आईचा."

"नको," आई म्हणाली.

मी म्हणालो, "मी भरतो, मला सवय आहे."

"तुझी सवय पाहिली," आई म्हणाली. "तुम्ही दोघं तिकडे बसा."

आम्ही तिकडे बसलो. एक त्रेपन्नाचा, एक पंचेचाळिसाचा, सोफ्यावर, शाळेत वर्गाबाहेर काढलेली मुलं बसतात तसे. जेवणाच्या टेबलाशी आई आणि मेश्रामबाई. बाई एकेक रकाना वाचून मराठीत सांगत होत्या, आई उत्तर देत होती. पूर्ण नाव तिने स्वतः सांगितलं, वडिलांनी ठेवलेलं आधी आणि सासरचं नंतर. जन्मतारीख अंदाजाची होती, ती तिने ठामपणे सांगितली. राष्ट्रीयत्व विचारल्यावर तिने बाईंकडे असं पाहिलं की बाईंनी उत्तराची वाट न बघता लिहून टाकलं.

"आजी, याआधी कुठं राहत होता? आधीचा पत्ता लागतो इथं."

आईने पेन्शनच्या कागदावर करते तशी सही आधीच करून ठेवली होती, मराठीत, शेवटच्या अक्षराखाली रेघ देऊन. ती पेन खाली ठेवत म्हणाली, "तो मोठ्याला विचारा. त्याला पाठ आहे."

मी सोफ्यावरून उठलो नाही. तिथूनच सांगितला. फ्लॅट नंबर, सोसायटी, रस्ता, पुणे, पिनकोड. बाई लिहीत होत्या, मध्येच थांबून स्पेलिंग विचारत होत्या, आणि मी माझ्याच घराचा पत्ता एकेक अक्षर करून आईच्या आधीच्या घराचा पत्ता म्हणून सांगत होतो.